परदेशात स्थिरावताना छोटा व्यवसाय : कोणते पाऊल आधी, कोणते नंतर

परदेशात व्यवसाय सुरू करण्याविषयी जे मार्गदर्शन मिळते, त्यातले बहुतेक त्या देशातच वाढलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. त्या माणसाचा व्यवसाय बुडाला तर त्याचे पैसे जातात, फार तर काही वर्षे कर्ज फेडण्यात जातात. पण त्या देशात राहण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो. नव्याने आलेल्या माणसाचे तसे नसते. त्याचा व्हिसा, नोकरी, बँकेतली पत आणि कुटुंबाचा निवास एकमेकांत गुंतलेले असतात, आणि व्यवसायातल्या एखाद्या साध्या चुकीचा फटका भलत्याच ठिकाणी बसतो. म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांत प्रत्येक निर्णयापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे पाऊल चुकले तर मागे घेता येईल का, आणि घ्यायचे झाल्यास किती खर्च येईल? जे सहज मागे घेता येते ते लवकर करावे, जे येत नाही ते जमेल तितके लांबवावे. पुढचा क्रम याच कसोटीवर लावलेला आहे.

व्हिसाच्या अटी

सर्वांत मागे न घेता येणारी चूक म्हणजे व्हिसाच्या अटींचा भंग. दंड भरून हा विषय संपत नाही. पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा उल्लेख करावा लागतो आणि कायम वास्तव्याचा मार्ग बंद होऊ शकतो. त्यामुळे व्यवसायाचे नाव ठरवण्यापूर्वी आपल्या परवान्यावर नेमके काय लिहिले आहे ते शब्दशः वाचावे.

देशागणिक आणि व्हिसागणिक फरक मोठा असतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही. पण शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर तो करता येतो, म्हणजे तोच माणूस, तेच काम आणि तीच गिऱ्हाइके असूनही काही महिन्यांच्या अंतराने कायद्याच्या दृष्टीने परिस्थिती पूर्ण उलटते. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकाला कंपनीचे समभाग बाळगता येतात, परंतु त्या कंपनीच्या नावे स्वतंत्र अर्ज मंजूर झाल्याशिवाय तिथे काम करता येत नाही. मालकी आणि काम यांतला हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गुंतवलेल्या पैशावर लाभांश घेणे ही मालकी झाली. ग्राहकांच्या ईमेलना उत्तरे देणे, माल पाठवणे, बीजके तयार करणे हे काम झाले, मग त्याचा पगार घेतलेला असो वा नसो. ‘मी पैसे घेत नाही, नुसती मदत करतो’ हा बचाव पुष्कळ देशांत टिकत नाही. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करण्याची मुभा १ जुलै २०२३ पासून आहे आणि स्वयंरोजगाराचे तासही त्याच मर्यादेत मोजले जातात.

येथे एक सापळा मुद्दाम सांगितला पाहिजे. कर खाते आणि परदेशी नागरिक खाते ही दोन वेगळी कार्यालये असतात, आणि पहिल्याने दिलेला क्रमांक म्हणजे दुसऱ्याची संमती नव्हे. अमेरिकेचे कर खाते व्यवसायाला लागणारा ईआयएन क्रमांक विनामूल्य देते, आणि अर्जदाराकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरीही तो एसएस-४ हा अर्ज टपालाने किंवा फॅक्सने पाठवून मिळवता येतो. तो हाती पडला की आपल्याला व्यवसायाची परवानगी मिळाली असा समज करून घेणारे लोक कमी नाहीत. प्रत्यक्षात कर खात्याला फक्त कर कोण भरणार एवढ्यातच रस असतो. (हाच विनामूल्य क्रमांक मिळवून देण्यासाठी भरभक्कम शुल्क आकारणारे मध्यस्थही सर्वत्र आढळतात; त्यांना टाळावे.)

शंका असेल तर सल्ला लेखी घ्यावा आणि तो अधिकृत माणसाकडूनच घ्यावा. ब्रिटनमध्ये स्थलांतरविषयक सल्ला देण्यासाठी वकील असणे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असणे कायद्याने आवश्यक आहे. कॅनडात शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्या सल्लागारांसाठी असेच परवाना देणारे महाविद्यालय, म्हणजे व्यावसायिकांची नियामक संस्था, आहे. प्रश्न मोघम विचारू नये. ‘मला व्यवसाय करता येईल का?’ असे विचारण्याऐवजी ‘या व्हिसावर असताना मी आठवड्याला इतके तास, अमुक सेवा, अमुक देशातल्या ग्राहकांना देऊन त्याचा मोबदला वैयक्तिक खात्यात घेतला तर चालेल का?’ असे विचारावे. मायदेशातल्या ग्राहकांसाठी घरबसल्या केलेले कामही यात मोडू शकते, कारण अनेक देशांत पैसा कुठून येतो यापेक्षा काम करणारा माणूस कुठे बसला आहे याला अधिक महत्त्व असते.

सोबत नोकरीचा करारही काढून वाचावा. बाहेरच्या कामावर बंदी, नोकरीत असताना निर्माण केलेल्या गोष्टींवर मालकाचा हक्क, नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याची अट, अशी कलमे त्यात असू शकतात. ज्या मालकाच्या प्रायोजकत्वावर आपला व्हिसा उभा आहे, त्याच्याशी वाद ओढवून घेणे हे छोट्या व्यवसायाच्या नफ्याच्या मानाने फारच महाग पडते. जोडीदाराच्या व्हिसावर कामाची अधिक मोकळीक असेल, तर व्यवसाय त्याच्या नावाने सुरू करण्याचा विचार पुष्कळ कुटुंबे करतात. तो योग्य आहे. मात्र मग काम खरोखर त्या जोडीदारानेच केले पाहिजे.

कोणता व्यवसाय

परवानगीचा प्रश्न सुटला की व्यवसायाची निवड त्या मानाने सोपी असते, कारण पहिल्या वर्षात पर्याय आपोआप थोडे उरतात. ज्यात माल साठवावा लागत नाही, जागा घ्यावी लागत नाही आणि माणसे नेमावी लागत नाहीत, असे काम घ्यावे: शिकवणी, भाषांतर, लेखापालन, संगणकाची कामे, शिवणकाम, दुरुस्ती, लहान मुलांचे किंवा वृद्धांचे सांभाळणे. यात दिवसाचे तास जातात, पण भांडवल अडकून पडत नाही.

आपले कौशल्य त्या देशात परवान्याखाली येते का, हे मात्र आधी पाहावे. जर्मनीत केशकर्तन आणि विद्युतजोडणी यांसारख्या कारागिरीच्या व्यवसायांत स्वतंत्र धंदा काढायला साधारणपणे मास्टर दर्जाची (विद्यापीठाची पदवी नव्हे, कारागिरीतली वरच्या पातळीची) पात्रता किंवा तिच्याशी समकक्ष मान्यता लागते, मग त्या कामाचा वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असला तरी. ब्रिटनमध्ये घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर विक्री सुरू होण्यापूर्वी किमान २८ दिवस स्थानिक नगरपरिषदेकडे नोंदणी करावी लागते. ती विनामूल्य असते आणि नाकारली जात नाही, पण ती न करता विक्री करणे हा गुन्हा आहे. मुलांचे सांभाळणे, औषधे, सौंदर्यप्रसाधने, आर्थिक सल्ला, प्रवासी वाहतूक ही क्षेत्रे बहुतेक देशांत नियंत्रित असतात. मायदेशातली पदवी मान्य करून घ्यायला बराच काळ लागतो, म्हणून व्यवसायाचा निर्णय व्हायचा असला तरी तो अर्ज आधीच टाकून ठेवावा.

चाचणीसाठी पहिली गिऱ्हाइके आपल्याच भाषेच्या लोकांतून मिळतात आणि त्यात वावगे काही नाही. तथापि तेवढ्यावरून व्यवसाय चालेल असा निष्कर्ष काढू नये. ओळखीचा माणूस भिडेखातर पहिली खरेदी करतो, सवलत मागतो, उधारी ठेवतो, आणि काम पसंत पडले नाही तर तोंडावर सांगत नाही. तो गुपचूप यायचा थांबतो. ज्याच्याशी आपली भाषा, ओळख, काहीच सामाईक नाही अशा माणसाने पूर्ण दर मोजून दुसऱ्यांदा काम दिले, की मागणी खरी आहे असे धरता येते. दर ठरवतानाही मायदेशाच्या चलनात गुणाकार करून पाहण्याची सवय मोडावी. त्या गुणाकाराने कोणतीही रक्कम भरघोस वाटते आणि माणूस इतका कमी दर लावतो की कर, विमा आणि प्रवास वजा जाता स्थानिक किमान वेतनाइतकेही हाती राहत नाही. किमान वेतन हा तळ समजावा आणि त्यात आजारपणाचे, सुटीचे व गिऱ्हाइकाविना गेलेले दिवस मिळवून दर काढावा.

एकल मालकी की कंपनी

कंपनी स्थापन केल्याने व्यवसाय भारदस्त दिसतो, हे तिच्या मोहाचे मुख्य कारण. एकल मालकीत मालक आणि व्यवसाय कायद्याने एकच असतात, म्हणून व्यवसायाचे कर्ज घरापर्यंत येते. मर्यादित कंपनीत ते सामान्यतः कंपनीपुरते राहते. परंतु नव्या कंपनीला कर्ज किंवा जागा देताना बँक आणि घरमालक संचालकाची वैयक्तिक हमी मागतात, आणि ती दिली की ते संरक्षण तेवढ्यापुरते संपते. उलट कंपनीची वार्षिक विवरणपत्रे, स्वतंत्र हिशेब आणि बंद करण्याची लांबलचक प्रक्रिया मात्र पाठीमागे लागते. काम जोखमीचे नसेल, भागीदार नसेल आणि मोठा ग्राहक कंपनीच हवी असा आग्रह धरत नसेल, तर एकल मालकीने सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण ती जितक्या सहज सुरू होते तितक्याच सहज बंदही करता येते.

कंपनीच हवी असेल तर रचना निवडताना आपल्या निवासाचा दर्जा तपासावा. अमेरिकेत एस-कॉर्पोरेशनचा, म्हणजे जिचा नफा भागधारकांच्या हाती करपात्र ठरतो अशा कंपनीचा, भागधारक अनिवासी परदेशी असू शकत नाही. जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या, कंपनीला २५,००० युरोंचे भागभांडवल लागते, तर तिचेच धाकटे रूप असलेली यूजी कंपनी १ युरोपासूनही नोंदवता येते. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक आयकर नसला, तरी १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना ३,७५,००० दिरहमांवरील करपात्र नफ्यावर ९ टक्के कंपनी कर लागू झाला आहे, त्यामुळे ‘तिथे कर नाही’ हे जुने वाक्य आता जपून उच्चारावे.

कराच्या तारखा आणि उंबरठे

करप्रकरणी नवख्या माणसाला करांच्या दरांपेक्षा तारखाच अधिक त्रास देतात. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. स्वयंरोजगाराची ढोबळ मिळकत वर्षाला १,००० पौंडांपेक्षा जास्त झाली, तर करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करावी लागते आणि ऑनलाइन विवरणपत्र व कर ३१ जानेवारीपर्यंत भरावा लागतो. या व्यवस्थेतला खरा धक्का पहिल्या जानेवारीत बसतो. देय कर १,००० पौंडांहून अधिक असेल आणि त्याचा बहुतांश भाग आधीच पगारातून कापला गेलेला नसेल, तर त्या दिवशी संपलेल्या वर्षाचा पूर्ण कर आणि चालू वर्षासाठी त्याच रकमेचा निम्मा आगाऊ हप्ता असे दीडपट पैसे एकदम द्यावे लागतात. दुसरा हप्ता ३१ जुलैला येतो. ज्याने मिळालेला पैसा घरखर्चात वापरून टाकलेला असतो, त्याची इथे मोठी ओढाताण होते.

अमेरिकेत याच ठिकाणी वेगळी गोष्ट अनपेक्षित ठरते. नोकरीत असताना सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) यांचा ७.६५ टक्के वाटा पगारातून कापला जातो आणि तेवढाच मालक भरतो. स्वयंरोजगारात दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के आपणच भरायचे असतात, शिवाय अंदाजित कर वर्षातून चार हप्त्यांत. म्हणून प्रत्येक पावतीतला ठरावीक हिस्सा, साधारण चौथा ते तिसरा, त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकावा आणि ते पैसे आपले नाहीतच असे समजून चालावे.

विक्रीकराचे उंबरठेही, म्हणजे ज्या उलाढालीनंतर नोंदणी करून ग्राहकाकडून कर घ्यावा लागतो त्या मर्यादाही, माहीत हव्यात. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२४ पासून बारा महिन्यांच्या उलाढालीचा उंबरठा ९०,००० पौंड आहे, ऑस्ट्रेलियात ७५,००० डॉलर, न्यूझीलंडमध्ये ६०,००० डॉलर, कॅनडात लागोपाठच्या चार तिमाहींत ३०,००० डॉलर. जर्मनीत लहान उद्योजकाची सूट २०२५ पासून मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंपर्यंत असेल तर मिळते. हे आकडे नफ्याचे नसून उलाढालीचे आहेत. उंबरठा नकळत ओलांडला गेला, तर जो कर ग्राहकाकडून घेतलेलाच नाही तो पदरचा भरावा लागतो, म्हणून दर महिन्याच्या शेवटी मागच्या बारा महिन्यांची बेरीज करून ठेवावी.

मायदेशाशी असलेले करसंबंधही आपोआप तुटत नाहीत. दोन देश एकाच माणसाला एकाच वर्षी आपापला रहिवासी मानू शकतात; एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून देशांनी केलेल्या दुहेरी करटाळणी करारांमध्ये मग कायमचे घर कुठे, वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे अधिक, नेहमीचा मुक्काम कुठे आणि शेवटी नागरिकत्व कोणते, या क्रमाने निवाडा केला जातो. बँक खात्यांची माहिती २०१७ पासून शंभराहून अधिक देश टप्प्याटप्प्याने परस्परांना आपोआप कळवू लागले आहेत. तेव्हा जुने खाते कुणाला दिसणार नाही, या भरवशावर राहू नये. स्थलांतराच्या वर्षाचे विवरणपत्र तरी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या लेखापालाकडून करून घ्यावे. छोट्या व्यवसायात ज्या मोजक्या ठिकाणी पैसा सढळ हाताने खर्च करावा, त्यांपैकी हे एक आहे.

पैसा, पत आणि भाडेकरार

घरखर्चाची गंगाजळी आणि व्यवसायाचे भांडवल एकत्र करू नये. सहा महिन्यांचे भाडे, विमा, शाळा आणि परतीच्या प्रवासाचा खर्च बाजूला ठेवून जे उरते तेच भांडवल. नव्या देशात जुनी पत सहसा ग्राह्य धरली जात नाही. अमेरिकेत प्रचलित पतगुण (क्रेडिट स्कोअर) ३०० ते ८५० या मापावर मोजला जातो आणि तो तयार व्हायला वेळ लागतो. ठेव ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन त्याचे बिल दरमहा पूर्ण भरत राहणे हा त्याचा साधा मार्ग आहे. व्यवसायाचा विचार वर्षभराने करायचा असला तरी हे काम पहिल्या महिन्यातच सुरू करावे.

बँक दारात उभी करत नसेल तर लहान कर्जे देणाऱ्या संस्थांकडे जावे. फ्रान्समध्ये १९८९ साली स्थापन झालेली आदी ही संस्था बँकेपासून वंचित राहिलेल्या लोकांना, त्यांत स्थलांतरितही आले, व्यवसायासाठी सूक्ष्मकर्ज देते. अमेरिकेत किवा ही संस्था १५,००० डॉलरांपर्यंत बिनव्याजी कर्ज लोकवर्गणीतून उभे करून देते. नातेवाइकांकडून घेतलेल्या रकमेचाही लेखी कागद करावा, कारण परदेशातून आलेली मोठी रक्कम कुठून आली हे बँक विचारतेच.

दुकानाचा अनेक वर्षांचा भाडेकरार ही या सर्वांतली सर्वांत अवघड गोष्ट. व्यवसाय बंद झाला तरी करार चालू राहतो, वैयक्तिक हमी दिलेली असेल तर घरमालक थेट आपल्याकडे येतो, आणि व्हिसा संपून देश सोडावा लागला तरी थकबाकी मागे राहते. आपल्या व्हिसाच्या उरलेल्या मुदतीपेक्षा लांब करार करू नये. करावाच लागला तर मध्येच सोडण्याचे कलम मागून घ्यावे, आणि ते न मिळाल्यास दुसऱ्याच्या दुकानातला कोपरा, बाजारातला आठवडी ठेला किंवा सामाईक कार्यालय यांवर भागवावे.

रोजचा कारभार

व्यवसायाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे, जिथे कायद्याने सक्ती नाही तिथेही. बीजकावर क्रमांक, तारीख, कामाचे वर्णन, कर आणि पैसे देण्याची अंतिम तारीख असावी. पैसे थकले तर संकोच करू नये: ब्रिटनमध्ये व्यावसायिक ग्राहकाकडून उशिराबद्दल बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ८ टक्के अधिक व्याज कायद्यानेच मागता येते, आणि युरोपीय संघातही उशिराच्या व्याजाचा नियम असाच आहे. नवखा माणूस हा तगादा लावायला कचरतो, आणि समोरच्याला ते ठाऊक असते.

सामान्य ग्राहकाला ऑनलाइन माल विकत असाल तर युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये त्याला कारण न देता १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क असतो, काही अपवाद वगळून. ‘परत घेतला जाणार नाही’ असे संकेतस्थळावर लिहून तो हिरावता येत नाही. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा घ्यावा. पहिला नोकर ठेवण्यापूर्वी तर थांबून सगळे नियम पुन्हा वाचावेत: ब्रिटनमध्ये किमान ५० लाख पौंडांच्या संरक्षणाचा मालक-दायित्व विमा सक्तीचा आहे, आणि नोकराला तिथे काम करण्याचा हक्क आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी मालकाची आहे. ओळखीच्या विद्यार्थ्याला रोखीने कामावर घेणे ही उपकाराची गोष्ट वाटते. तिने दोघांचेही वास्तव्य धोक्यात येते.

मदत बहुधा फुकट असते आणि ती मागायला बहुतेक लोक जात नाहीत. अमेरिकेत १९६४ पासून काम करणाऱ्या स्कोअर या संस्थेचे अनुभवी स्वयंसेवक विनामूल्य मार्गदर्शन करतात. ब्रिटिश लायब्ररीचे व्यवसाय केंद्र, जर्मनीतली उद्योग आणि व्यापार मंडळे, नेदरलँड्समधली व्यापार मंडळाची कार्यालये येथेही नव्या उद्योजकाची चौकशी आपुलकीने केली जाते. जाताना दोन पानांची लेखी योजना न्यावी. भाषा अडखळली तरी आकडे बोलतात.

व्हिसाच्या नूतनीकरणासाठी लागणारी फाइल मात्र पहिल्या पावतीपासूनच तयार करायला घ्यावी. कर भरल्याच्या पावत्या, बँकेची विवरणपत्रे, आरोग्य विम्याचे पुरावे, ग्राहकांचे करार आणि पत्त्याची नोंदणी तारखेवार लावलेली असावी, प्रत्येकाची एक प्रत देशाबाहेरही ठेवावी. जर्मनीत स्वयंरोजगाराचा निवास परवाना सुरुवातीला जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो, आणि व्यवसाय यशस्वी ठरून उपजीविका सुरक्षित असल्याचे दाखवता आले तर त्यानंतर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. अर्ज पाहणारा अधिकारी दुकानात येऊन गिऱ्हाइकांची गर्दी मोजत नाही. त्याच्यासमोर फक्त हे कागद असतात, त्यामुळे रोखीने घेतलेला आणि कुठेच न नोंदवलेला प्रत्येक व्यवहार त्याच्या लेखी झालेलाच नसतो.